एका स्पॅनिश क्रियापदाचा पहारा

परकी भाषा शिकूं लागलेल्या मनुष्यास नामांपेक्षां क्रियापदांचें भय अधिक वाटतें. स्पॅनिश भाषेंत 'असणें', 'जाणें' हीं रोजचीं क्रियापदेंच अनियमित असल्यामुळें तें भय अगदींच अकारण नव्हे. परंतु नियमानें चालणारें एखादें क्रियापद नीट आत्मसात् केलें कीं शेंकडों क्रियापदांचा मार्ग मोकळा होतो. पोलिसांच्या व सुरक्षिततेच्या व्यवहारांत नेहमीं ऐकूं येणारें 'बिखिलार' हें असेंच एक क्रियापद आहे. पहारा करणें, नजर ठेवणें हे त्याचे अर्थ. लिहितांना आरंभीं रोमन 'व्ही' येतो, उच्चार मात्र बकाराचा. आणि मधला 'ख' उर्दू 'खबर' शब्दांतल्याप्रमाणें घशांतून काढावयाचा.

शेवटचें 'आर' काढलें कीं 'बिखिल' हें अंग उरतें. त्यास वर्तमानकाळाचे प्रत्यय लावावे : मी बिखिलो, तूं बिखिलास, तो किंवा ती बिखिला, आम्ही बिखिलामोस, तुम्ही बिखिलाइस, ते बिखिलान. मराठींत 'जातों' म्हटल्यावर 'मी' निराळा सांगावा लागत नाहीं, तसेंच येथेंही.

मात्र दोन ठिकाणीं सावध राहिलें पाहिजे. पहिलें स्थळ आघाताचें. 'बिखिलो' यांतील 'खि'वर जोर दिला तर 'मी पहारा करतों' असा अर्थ होतो. तोच जोर 'लो'वर दिला तर 'त्यानें पहारा केला' असा होतो. लेखनांत हा भेद अंत्य अक्षरावरील एका लहानशा तिरप्या रेघेनें दाखवितात. चौकशींत जबानी देणाऱ्याची ही रेघ चुकली तर दारावर कोण होता, या प्रश्नाचें उत्तरच बदलतें.

दुसरें स्थळ कर्माचें. 'घरावर नजर ठेवतो' हें 'बिखिला ला कासा'. पण 'मुलावर नजर ठेवतो' म्हणावयाचें तर 'बिखिला आ सु इखो' असें मध्यें 'आ' घालावें लागतें. मराठींतही आपण 'घर पाहिलें' पण 'मुलाला पाहिलें' असेंच म्हणतों. त्यामुळें मराठी विद्यार्थ्यास हा नियम परका वाटूं नये.

या क्रियापदाचें मूळ लॅटिन असून त्याचा मूळ अर्थ 'जागणें' असा आहे. रोमन लोक रात्रीचे पहाऱ्यासाठीं चार भाग करीत. आपल्याही रात्रीचे प्रहर चारच, आणि 'पहारा' हा शब्द त्या 'प्रहरां'तूनच आलेला.

परंतु जागणारा कोणासाठीं जागतो ? स्पेनच्या शहरांत पूर्वीं 'सेरेनो' नांवाचा रात्रीचा पहारेकरी असे. उशिरां परतलेल्या रहिवाशानें टाळी वाजविली कीं तो किल्ल्यांचा जुडगा घेऊन येई व दार उघडून देई. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धांत ही प्रथा लोपली. त्याच देशांत १९३९ सालीं यादवी युद्ध संपल्यानंतर, फ्रँकोच्या राजवटींत, अटींवर सुटलेल्या कैद्यांच्या वांट्यास 'लिबेर्ताद बिखिलादा', म्हणजे पहाऱ्याखालचें स्वातंत्र्य, आलें. 'बिखिलादा' हें रूपही पूर्णपणें नियमित आहे.

यास्तव विद्यार्थ्यानें प्रत्यय पाठ करावे, आणि प्रत्येक वाक्यांत पहारा कोण करतो व कोणावर, हेंही विचारावें. पहिलें काम आठ दिवसांत होतें; दुसरें मात्र भाषा येऊं लागल्यावरही सोडतां येत नाहीं.