सदैव ‘होय’ म्हणणारा प्रश्न

संकेतस्थळे चालविणारी वर्डप्रेस ही व्यवस्था २००३ साली निघाली. तिचा स्रोत खुला. वाटेल त्याने वाचावा, सुधारावा. ती पीएचपी भाषेत लिहिलेली आहे. त्या भाषेच्या जुन्या आवृत्त्यांत काही सोयी नसत. म्हणून लिहिणारा आधी विचारी, “ही सोय येथे आहे काय?” नसल्यास पर्यायी वाट. ते शहाणपणच होते. पण रँडम_बाइट्स ही सोय पीएचपी ७.० मध्ये आली, आणि २०२३ च्या ऑगस्टात वर्डप्रेस ६.३ ने ७.० हीच किमान अट केली. आता त्या प्रश्नाचे उत्तर सदैव ‘होय’! तरीही तो तसाच ठेवला, तर पुढे येणारा माणूस, पुष्कळदा बिनपगारी, ती ओसाड वाट वाचीत, तपासीत बसणार. फुकट राबणुकीविषयी आम्ही कामगार चळवळीतली माणसे जरा हळवी असतो.

परंतु दिसला प्रश्न की पूस, असे नव्हे. स्ट्र_कंटेन्स ८.० मध्ये आले. २०२४ च्या वर्डप्रेस ६.६ ला ७.२.२४ चालते, तेव्हा तिच्यात तो पहारा हवाच. आणि जुन्या सर्व्हरवरच्या गरिबाचे काय? त्याच्यासाठी भांडायचे ते किमान अट ठरताना. नंतर त्याला नवी आवृत्तीच मिळत नाही. मग तिच्यातली ती ओळ त्याच्या काय कामाची?