ताक आणि कोलेस्टेरॉल : समज व शास्त्र



कळव्यातील अनेक जैन घरांत ताकाशिवाय जेवण पूर्ण होत नाही. चरकसंहितेनेही ग्रहणी आणि अर्श या विकारांत ताकाची महती सांगितली आहे. मात्र ‘रोज ताक घेतले की कोलेस्टेरॉल उतरते, मग गोळी कशाला?’ असा समज जेव्हा रूढ होतो, तेव्हा तो तपासून पाहणे आवश्यक ठरते.

या विषयाकडे शास्त्रज्ञांचे लक्ष वेधले ते पूर्व आफ्रिकेतील मसाई पशुपालकांमुळे. आंबवलेले दूध विपुल प्रमाणात घेऊनही त्यांच्या रक्तातील कोलेस्टेरॉल कमी राहते, असे जॉर्ज मान यांनी 1974 मध्ये मांडले. पुढे त्याची संभाव्य कारणमीमांसा झाली. यकृत कोलेस्टेरॉलपासून पित्ताम्ले बनवते. आतड्यातील काही जिवाणू या पित्ताम्लांचे रूप बदलतात, त्यामुळे ती शरीराबाहेर अधिक जातात. नवे पित्त बनविण्यासाठी यकृताला रक्तातील कोलेस्टेरॉल वापरावे लागते.

तथापि प्रत्यक्ष लाभ मर्यादित आहे. 2000 साली प्रसिद्ध झालेल्या एका एकत्रित विश्लेषणात, विशिष्ट जिवाणूंनी आंबवलेल्या दुधामुळे अपायकारक एलडीएल सुमारे 5 टक्क्यांनी घटल्याचे आढळले. 2002 मधील कॅनडातील एका अभ्यासात केफिर या आंबवलेल्या दुधाच्या पेयाने कोलेस्टेरॉल घटले नाही. याउलट स्टॅटिन गोळ्या मात्रेनुसार एलडीएल 30 ते 50 टक्क्यांपर्यंत खाली आणतात. शिवाय घरच्या विरजणात कोणते जिवाणू आहेत, हे निश्चित सांगता येत नाही.

येथे आपल्या आहारपरंपरेशी निगडित एक बाब लक्षात घ्यावी. द्विदलाचा दोष टाळण्यासाठी ताक आधी तापवून मगच त्यात बेसन मिसळण्याची प्रथा आहे. धर्मदृष्ट्या ती योग्यच. परंतु उकळलेल्या कढीत जिवाणू जिवंत राहत नाहीत. दीर्घकाळ टिकावे म्हणून अतिउच्च तापमानावर प्रक्रिया केलेल्या खोक्यातील ताकाचेही तसेच.

मग ताकाचा खरा उपयोग कोणता? दही घुसळून लोणी काढले की संपृक्त स्निग्धांश बराचसा निघून जातो, आणि एलडीएल वाढविणारा मुख्य घटक तोच आहे. मात्र तेच लोणी कढवून तूप रोजच्या पोळीवर सढळ हाताने वाढले, तर ताकाने साधलेले निष्फळ ठरते. साईच्या दह्याची गोड लस्सी किंवा श्रीखंड यांना ताकाच्या पंक्तीत बसवू नये. घरी ताकासाठी 1.5 टक्के स्निग्धांशाचे डबल टोन्ड दूध विरजावे. रक्तदाब असणाऱ्यांनी मीठ टाळून जिरेपूड घालावी.

कोलेस्टेरॉल वाढल्याची जाणीव शरीर करून देत नाही. म्हणूनच ‘बरे वाटते’ म्हणून गोळी बंद करणे धोक्याचे आहे. रक्ततपासणी करावी आणि औषधाचा निर्णय कुटुंबाच्या डॉक्टरांशी किंवा कळव्यातील छत्रपती शिवाजी महाराज रुग्णालयासारख्या ठिकाणच्या तज्ज्ञांशी बोलूनच घ्यावा. ताटातील ताक ताटातच राहावे. गोळीची जागा त्याने घेऊ नये. आहारातील संयमाचा संस्कार आपल्या समाजाला वारशाने लाभला आहे. त्याला शास्त्राच्या विवेकाची जोड मिळावी, हीच अपेक्षा.

जय जिनेंद्र.