मेडिकल कुठे टाकलंस?

(स्नेहमेळाव्यात केलेले भाषण)



सकाळपासून पाच-सहा जणांनी मला एकच विचारलं, "फार्मसी केलीस ना? मग मेडिकल कुठे टाकलंस?"

मेडिकल नाही टाकलं. मी पुण्यातल्या एका रुग्णालयात क्लिनिकल फार्मासिस्ट आहे. माझं काम वॉर्डात असतं. डॉक्टरांबरोबर राउंडला जायचं आणि रुग्णाची औषधं, त्यांची मात्रा, रक्ताचे रिपोर्ट, घरून आणलेल्या गोळ्या, सगळं जुळवून पाहायचं. सध्या मी मूत्रपिंडाच्या विभागात आहे. किडनी अशक्त झाली की नेहमीची मात्राही जास्त ठरू शकते.

बी.फार्म. झाल्यावर मी चार वर्षं कंपनीत होते. २००८ साली आपल्याकडे फार्म.डी. अभ्यासक्रमाचे नियम आले. बारावीनंतर सहा वर्षं, त्यातलं शेवटचं इंटर्नशिपचं. बी.फार्म. झालेल्यांना तीन. लागलेली नोकरी सोडून मी तो केला. घरचे नाराज होते.

इंटर्नशिपमध्ये पारनेर तालुक्यातल्या एक आजी वॉर्डात आल्या. तोंडभर फोड, ताप, रक्तातल्या पेशी घटलेल्या. मी त्यांची गोळ्यांची पिशवी चादरीवर ओतली. संधिवातासाठी मेथोट्रेक्सेट होती, ती आठवड्यातून एकदाच घ्यायची. सोबत फॉलिक अ‍ॅसिड, ते रोजचं. दोन्ही गोळ्या बारीक, पिवळ्या. आजींना वाचता येत नव्हतं. आठवड्याची गोळी त्या रोज घेत होत्या. डॉक्टरांना सांगितलं, त्यांनी ती बंद करून उतारा सुरू केला. दोन आठवड्यांनी आजी स्वतःच्या पायांनी घरी गेल्या.

चिठ्ठी बरोबर होती, गोळ्याही बरोबर होत्या. फक्त आजींना समजलं का, हे कुणी विचारलं नव्हतं. ते विचारणं हेच माझं काम. प्रयोगशाळेत आपले सर म्हणायचे, "बाटलीवरचं नाव दोनदा वाचा." सर, अजून दोनदाच वाचते.

काल एका मैत्रिणीनं विचारलं, "लेकीला नीटमध्ये गुण कमी पडले, फार्म.डी.ला घालू का?" बाई गं, डॉक्टर होता आलं नाही म्हणून घालू नकोस. यात औषध लिहून देण्याचा अधिकार नाही. आपण सुचवतो, डॉक्टर कधी मानतात, कधी नाही. सुरुवातीचा पगार कमी असतो, आणि पुष्कळ रुग्णालयांत हे पदच नसतं. कॉलेज निवडताना इमारत बघू नका. मुलं रोज किती तास वॉर्डात असतात, ते विचारा.

आपल्या जिल्ह्यात लोणीला आणि विळद घाटात मोठी रुग्णालयं आहेत. लेकीला तिथे औषधांच्या खिडकीजवळ तासभर बसव. गोळ्या घेऊन निघालेलं माणूस माघारी वळतं आणि विचारतं, "यातली जेवणाआधीची कुठली?" त्या माणसाला नीट समजावून सांगावं, असं तिला मनापासून वाटलं, तर खुशाल घाल.

आणि तुम्ही सगळ्यांनी आज घरी गेल्यावर एक करा. आईवडिलांच्या गोळ्यांची पिशवी समोर घ्या आणि "यातली कुठली कधी घेता?" एवढंच विचारा. उत्तर चिठ्ठीशी जुळलं नाही, तर स्वतः बदल करू नका, डॉक्टरांना लगेच विचारा.