चिठ्ठीवरील एक ओळ

आज वैद्यकाची सनद हाती घेणाऱ्या माझ्या तरुण स्नेह्यांनो,

आद्यकवी मुकुंदराजांची समाधी ज्या भूमीत आहे आणि स्वामी रामानंद तीर्थांचे नाव ज्या विद्यालयाने आपल्या शिरी धारण केले आहे, त्या अंबाजोगाईत, या मंगलप्रसंगी, मी आपणांशी अशा एका हानीविषयी बोलणार आहे, की जी बाळाच्या जन्मदिवशी कोणाच्याही नजरेस पडत नाही आणि पाच-सहा वर्षांनी शाळेच्या पाटीवर उमटते.

अपस्मारावर, म्हणजे आपल्याकडे ज्याला फिट किंवा फेफरे म्हणतात त्या व्याधीवर, 1967 साली फ्रान्समध्ये विक्रीस आलेले व्हॅल्प्रोएट हे औषध गुणकारी खरे, स्वस्तही खरे, आणि कांदा व चप्पल हुंगविण्याच्या अघोरी उपायांतून त्याने असंख्य रुग्णांची सुटका केली हेही खरे; परंतु गर्भवतीच्या पोटातील जीवाला ते बाधते, ही खबर 1982 मध्ये त्याच देशातील लिऑन येथून, मणक्यात व्यंग असलेल्या अर्भकांच्या नोंदींतून, जगाला कळली. व्यंग डोळ्यांना दिसते. बुद्धीवरील आघात स्पष्ट दिसावयास त्यानंतर आणखी बराच काळ जावा लागला: 2013 साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी-ब्रिटिश अभ्यासात व्हॅल्प्रोएट घेतलेल्या मातांच्या सहा वर्षांच्या मुलांचा बुद्ध्यंक सरासरीने 97, तर लॅमोट्रिजीन हे दुसरे औषध घेतलेल्यांच्या मुलांचा 108 आढळला, आणि मात्रा जितकी अधिक तितकी हानीही अधिक, असे दिसून आले. त्याच वर्षी डेन्मार्कच्या नोंदींनी अशा मुलांत स्वमग्नतेचे प्रमाणही वाढलेले दाखविले.

आता हे ज्ञान आपल्या बीड जिल्ह्यात आणून पाहा. मुकादमाची उचल घेऊन दसरा-दिवाळीच्या सुमारास नवरा-बायकोचा कोयता, म्हणजे जोडी, ऊसतोडीसाठी पश्चिम महाराष्ट्राकडे किंवा कर्नाटकाकडे निघतो, तेव्हा सासरी आजार लपविणारी एखादी विशीतली सून महिनोन्‌महिन्यांच्या गोळ्या लुगड्याच्या घडीत दडवून फडावर जाते. 1999 च्या दुरुस्तीने अपस्मार हे विवाह रद्द ठरविण्याचे कारण विवाह कायद्यातून गेले असले तरी घराघरांतील धास्ती त्या दुरुस्तीने गेलेली नाही. गर्भधारणेनंतर चार आठवड्यांत मज्जारज्जूची नलिका मिटून जाते, आणि पाळी चुकल्याचे त्या स्त्रीच्या ध्यानी येईपर्यंत तो अवधी बहुतेक सरलेला असतो. पुढे मूल उशिरा बोलते, वर्गात मागे पडते, आणि गुरुजी, आप्त, इतकेच काय आपणही, तो दोष स्थलांतराच्या व दारिद्र्याच्या खाती जमा करून मोकळे होतो. आईला कोणती गोळी चालू होती, हे कोणी विचारीत नाही. जिथे मुलांच्या मागे पडण्याला इतकी उघड कारणे हजर आहेत, तिथे हे छुपे कारण कायमचे निसटते, याची मला सर्वांत अधिक वेदना आहे.

मात्र धास्तावून औषध एकाएकी बंद करणे हा दुसरा, आणि कित्येकदा प्राणघातक, प्रमाद होय. अनावर झटक्यांनी माता व गर्भ दोघेही दगावू शकतात. लॅमोट्रिजीन व लेव्हेटिरासेटाम ही तुलनेने निर्धोक औषधे आज उपलब्ध आहेत. काहींना व्हॅल्प्रोएटवाचून गत्यंतर नसते हे मान्य, पण तो निर्णय गर्भ राहण्यापूर्वी, मात्रा शक्य तितकी उतरवून, फॉलिक अ‍ॅसिड सुरू करून आणि त्या स्त्रीला सर्व काही समजावून सांगूनच व्हावा. तिरुवनंतपुरमच्या श्रीचित्रा संस्थेने 1998 पासून अशा मातांची व मुलांची नोंदवही चालविली आहे. केरळात जे जमले ते मराठवाड्यात न जमण्याचे कारण मला दिसत नाही, आणि अशा नोंदवहीचा आरंभ आपल्या दप्तरातील एका साध्या रकान्याने होऊ शकतो: प्रसूतीच्या कागदावर आईच्या औषधाचे नाव व मात्रा.

आपल्यापैकी अनेकजण उद्या केज, धारूर, वडवणी, पाटोदा येथील आरोग्य केंद्रांत बसतील. अपस्माराची गोळी लिहून देताना समोरची स्त्री अपत्यवयाची असेल, तर चिठ्ठीच्या शेवटी एक ओळ अवश्य लिहा: मूल हवे असे ठरले की आधी येऊन भेटा, आणि तोवर गोळी मनाने थांबवू नका. ती ओळ मराठीत लिहा, आणि ती स्त्री निघण्यापूर्वी तिला मोठ्याने वाचून दाखवा.