खलपुरुषांची मोहिनी



हल्लींच्या मुलांच्या सदऱ्यांवर आणि वह्यांच्या वेष्टनांवर परदेशी चित्रकथांतील वीरांच्या बरोबरीनें त्यांचे वैरीही विराजमान झालेले दिसतात. १९४० सालीं बॅटमनच्या पहिल्या अंकांत अवतरलेला जोकर हा त्यांतला जुना मानकरी. वडीलधाऱ्या मंडळींस हें लक्षण अनिष्ट वाटतें. परंतु सारा दोष मुलांच्या पदरीं घालण्यापूर्वीं आपण आपल्याच घराकडे पाहावें, हें बरें.

आमच्या वऱ्हाडांत, अकोला जिल्ह्यांतील सांगोळा गांवीं, रावणाची दशमुखी पाषाणमूर्ति आहे. दसऱ्यास इतरत्र रावण जळतो. येथें त्याची पूजा होते. त्याची विद्वत्ता आणि तपश्चर्या यांचा हा गौरव असल्याचें गांवकरी सांगतात. गुण आणि दुष्कृत्य एकाच देहांत नांदूं शकतात, हें लोकांस फार पूर्वींच उमगलेलें आहे.

चित्रकथांना हें सत्य जरा उशिरां सुचलें. 'एक्स-मेन' या मालिकेंतील मॅग्नेटो १९६३ सालीं प्रथम आला, तेव्हां तो केवळ जगावर सत्ता गाजवूं पाहणारा दुष्ट होता. पुढें १९८१ च्या एका अंकांत क्रिस क्लेअरमाँट या लेखकानें त्याचें बालपण ऑशविट्झच्या नाझी छळछावणींत गेल्याचें सांगितलें, आणि वाचकांच्या मनांतील द्वेषाची जागा करुणेनें घेतली. ती करुणा योग्यच होय. पण त्याच अंकांत हा मॅग्नेटो एक सोव्हिएत पाणबुडी खलाशांसकट बुडवितो. छावणींतलें बालक सर्वांच्या ध्यानीं राहिलें. ते खलाशी मात्र कोणाच्या खिजगणतींत नाहींत.

आपल्या कर्णाचेंही असेंच झालें आहे. शिवाजी सावंत यांची 'मृत्युंजय' ही कादंबरी १९६७ सालीं निघाली आणि सूतपुत्र म्हणून झिडकारलेल्या या दानशूरासाठीं घरोघरीं डोळे पाणावले. तींत कर्ण, कुंती, दुर्योधन, वृषाली, शोण आणि श्रीकृष्ण आपापल्या मुखानें कथा सांगतात. द्रौपदीस मात्र असें स्वतंत्र कथन नाहीं. महाभारताच्या सभापर्वांत तिला भरसभेंत कुलटा ठरवून तिचीं वस्त्रें हिरावून घेण्यास सांगणारा कर्णच होता. ज्यानें अपमान सोसला, त्यानेंच तो दुसऱ्याच्या माथीं मारला. कर्णाच्या जखमेवर आपण जितके अश्रु ढाळले, तितके द्रौपदीच्या वाट्यास कां आले नाहींत?

कारण उघड आहे. कथेंत जो बोलतो, तो आपला होतो. जो मुका राहतो, तो निमित्तमात्र ठरतो.

याच्या उलट उदाहरणही मराठींत आहे. आचार्य अत्रे यांचें 'तो मी नव्हेच' हें नाटक १९६२ सालीं रंगभूमीवर आलें. प्रभाकर पणशीकर यांनीं पांच रूपांत रंगविलेला लखोबा लोखंडे प्रेक्षकांस हंसवी, आणि त्याची चतुराई ते मिटक्या मारीत ऐकत. तथापि अत्र्यांनीं हा सारा खेळ न्यायालयांत मांडला आणि त्यानें फसविलेल्या स्त्रियांस साक्षीच्या पिंजऱ्यांत उभें केलें. त्यामुळें लखोबा आवडतो, पण तो सुटावा असें वाटत नाहीं.

मी ज्या रिद्धपूरचा, तेथें म्हाइंभटांनीं तेराव्या शतकांत चक्रधरस्वामींच्या आठवणी गोळा करून 'लीळाचरित्र' सिद्ध केलें. ज्यांच्यापाशीं आठवण असेल, त्यांस गांठून विचारावें, आणि सांगण्यांत भेद पडला तर तोही नोंदवावा, अशी त्यांची रीति होती. एका तोंडची कथा पुरी नव्हे, हा त्यांचा धडा मला शिक्षकीच्या साऱ्या वर्षांत उपयोगी पडला.

म्हणून मुलांच्या हातचें पुस्तक हिसकावूं नये. खलपुरुषाचें दुःख समजणें ही मनाची श्रीमंती आहे. ती मुलांत आढळली तर आनंदच मानावा. फक्त वाचून झाल्यावर एवढेंच विचारावें, 'बाळ, ज्याला यानें दुखावलें, तो काय म्हणाला?' पुस्तकांत उत्तर नसेल, तर तें मुलानें स्वतः रचून सांगावें. उद्यां हींच मुलें मतदान करतील, पंच होतील, न्यायासनावर बसतील. तेव्हां वाक्पटु अपराध्यापुढें मुक्या फिर्यादीचा विसर पडूं न देण्याची संवय त्यांना याच प्रश्नानें लागलेली असेल.