अठरावं सरल्यावर



बालगृहातल्या मुलाला अठरा वर्षं पूर्ण झाली, की सामानाची बांधाबांध सुरू होते. कायद्याच्या लेखी तो सज्ञान. पण बारावीची परीक्षा तोंडावर आलेली, आधार कार्डावर पत्ता बालगृहाचा. खोली भाड्याने बघायला जावं, तर घरमालक आधी विचारतो, "वडील काय करतात?" मग अनामत रक्कम मागतो. ती भरायची कुणी?

अशा मुलामुलींसाठी २०१५ च्या बाल न्याय अधिनियमात अनुरक्षणाची तरतूद आहे. संस्थेतून बाहेर पडल्यावर २१ वर्षांपर्यंत, आणि विशेष परिस्थितीत २३ वर्षांपर्यंत, आधार मिळू शकतो. 'मिशन वात्सल्य' योजनेत त्यासाठी दरमहा ४,००० रुपये धरले आहेत. पुण्या-मुंबईत एवढ्यात खाटेचं भाडं आणि मेसचं बिलही भागत नाही, हे वेगळं सांगायला नको. राज्यात काही अनुरक्षण गृहंही आहेत. तिथे राहून शिकता येतं.

मेख अशी, की कायद्याने ही मदत सरकारच्या इच्छेवर सोडली आहे. ती हक्काची असायला हवी. तोवर पाठपुरावा आपणच करायचा. मूल संस्थेत असतानाच अधीक्षकांनी त्याचं बँक खातं उघडावं, पुढच्या शिक्षणाचा आराखडा बाल कल्याण समितीपुढे ठेवावा. अनाथ प्रमाणपत्र तर आधीच काढावं, कारण महाराष्ट्रात २०१८ पासून शिक्षणात आणि शासकीय नोकरीत अनाथांना असलेलं एक टक्का आरक्षण त्याच कागदावर मिळतं. अर्ज जिल्हा महिला व बालविकास अधिकारी कार्यालयात करायचा.