एक सुलट, एक उलट

थंडी पडू लागली की ट्रंकेतल्या सुया आणि लोकरीचे गुंडे बाहेर निघतात. विणकामात मुळात टाके दोनच, सुलट आणि उलट. खरं तर एकच, कारण सुलट टाका मागून पाहिला की उलट दिसतो.

एक ओळ सुलट, एक उलट विणत गेलं की पुढून वीण गुळगुळीत दिसते, पण कडा वळतात. नवशिकीला वाटतं, आपलाच हात बिघडला. तसं नसतं. टाक्यात वाकलेला धागा सरळ व्हायला धडपडतो, म्हणून वीण वळते. स्वेटरच्या काठाला एक टाका सुलट, एक उलट घेतला की दोन्हींचा ओढा एकमेकांना तोलतो आणि काठ ताणला तरी पुन्हा आवळतो. मफलरला मात्र सगळ्या ओळी सुलटच विणा, तो सपाट राहील.

आणि आधी छोटा चौकोन विणून, धुऊन, वाळवून टाके मोजा. कंटाळवाणं आहे, मान्य! पण 10 सेंटिमीटरमध्ये 20 ऐवजी 22 टाके बसले, तर 100 टाक्यांची पाठ साडेचार सेंटिमीटरने अरुंद होते, आणि हे कळतं स्वेटर डोक्यातून घालताना.